नाव विकत मिळत नाही, पास निघतो

"नावाला कसले पैसे, मावशी?" हा माझ्या धाकट्या भाच्याचा आवडता प्रश्न. (तो हे वाचणार आहे. त्याने उत्तर जरूर द्यावं, पण पूर्ण वाचून झाल्यावर.) त्याचं म्हणणं असं, की इंटरनेटवरचं नाव, ज्याला ही मुलं डोमेन म्हणतात, ते म्हणजे कुठल्याशा कॉम्प्युटरमधली एक ओळ. ती लिहायला एक सेकंद लागत नाही. तिच्यासाठी दरवर्षी हजार-बाराशे रुपये घेणं म्हणजे हवा बाटलीत भरून विकण्यासारखं आहे. आमच्या कट्ट्यावरचे एक निवृत्त बँक अधिकारी तर त्याच्याही पुढे. ते म्हणतात, सरकारने प्रत्येकाला नाव फुकट द्यावं, पिनकोडचे पैसे पडतात का?

मला या दोघांचंही पटत नाही. आणि हे दर ठरवणाऱ्या कंपन्यांचं तर त्याहून पटत नाही. त्यामुळे आज भांडण दोन्ही बाजूंशी आहे.

आधी भाच्याशी. ठाण्याच्या शाळेत मी तीस वर्षं नोकरी केली. दर जूनला जनरल रजिस्टर भरायचं असे. मुलाचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, जात, आधीची शाळा. एक नोंद लिहायला फार तर दोन मिनिटं. पण ते रजिस्टर पुढे पन्नास-साठ वर्षं जपायचं असतं. पावसाळ्यात कपाटाला ओल येते, वाळवी लागते, शाळेची जागा बदलते. आणि एक दिवस अठ्ठावन्न वर्षांचा माणूस दारात उभा राहतो, "बाई, पेन्शनसाठी जन्मतारखेचा दाखला हवाय." त्या वेळी ती ओळ सापडावी लागते, आणि तिच्यात खाडाखोड असून चालत नाही. खर्च ओळ लिहिण्याचा नसतोच. तो ओळ जपण्याचा असतो, आणि ती खरी आहे असं सगळ्यांनी मानण्याचा असतो.

शाळेत एका वर्गात तीन संतोष चालतात, वडिलांच्या नावावरून भागतं. डोंबिवलीत तर 'गणेशकृपा' नावाच्या इमारती किती असतील याची मोजदाद कोणी केली नसेल. त्याखालोखाल साईछाया आणि गुरुदत्त. कुरियरवाला फोन करतो, "काकू, कुठलं गणेशकृपा? मेडिकलच्या वरचं की डेअरीच्या मागचं?" तुम्ही सांगता, आणि पाकीट पोचतं. इंटरनेटला मात्र असं फोन करून विचारता येत नाही. तिथे एक नाव म्हणजे सगळ्या जगात एकच. डोंबिवलीच्या गणेशकृपाने ते डॉट कॉमला घेतलं की कल्याणच्या गणेशकृपाला मिळत नाही आणि न्यूजर्सीतल्या कोणा गणेशभक्तालाही नाही. म्हणजे नाव देणं हे जितकं एकाला देणं आहे, तितकंच ते बाकी सगळ्यांना नाकारणं आहे. मुंबई उच्च न्यायालयात १९९९ साली रेडिफने जो दावा लावला तो एका स्वराचा होता. समोरच्याने 'रेडिफ'शी मिळतंजुळतं 'रॅडिफ' असं नाव घेतलं होतं. न्यायालयाने रेडिफचं म्हणणं मान्य केलं. एका अक्षरासाठी माणसं हायकोर्टात जातात, तर त्या अक्षराला किंमत नाही असं कसं म्हणणार?

पिनकोडचं उत्तरही इथेच आहे. पिनकोड ही आपल्या श्रीराम भिकाजी वेलणकरांची कल्पना. पोस्टखात्यातले अधिकारी आणि संस्कृत कवी. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो लागू झाला. पण ४२१२०१ हा आकडा डोंबिवली पूर्वेच्या हजारो घरांचा सामायिक आहे, आणि तो खात्याने दिलेला आहे. कोणी निवडलेला नाही. "मला ४२१२०१ नको, जरा वजनदार नंबर द्या" असं म्हणत पोस्टात कोणी जात नाही. आरटीओत मात्र जातात! एमएच-०५ मालिकेतला साधा नंबर गाडीबरोबर मिळतो, पण ०००१ हवा असेल तर लाखांनी पैसे मोजावे लागतात. फरक निवडीचा आहे. जिथे निवडायचं असतं आणि वस्तू एकच असते तिथे रांग लागते, आणि रांग लागली की तिला काहीतरी नियम लागतो.

आता ही वही कशी चालते ते थोडक्यात. तुम्ही नाव टाइप केलंत की तुमचा कॉम्प्युटर आधी मुळाशी विचारतो, डॉट कॉमची वही कोणाकडे? मग त्या वहीला विचारतो, या नावाचा माणूस कुठे? मग सांगितलेल्या जागी जाऊन खरा आकडी पत्ता घेतो. पापणी लवायच्या आत हे सगळं होतं. मुळाशी उत्तर देणारे १३ नामधारी सर्व्हर आहेत, ए पासून एम पर्यंत, आणि त्यांच्या प्रती जगभर ठेवलेल्या आहेत. त्यातल्या काही आपल्या मुंबईतही आहेत. एकट्या डॉट कॉमच्या वहीत १५ कोटींहून जास्त नावं आहेत. ती वही बंद पडली तर बँका, वर्तमानपत्रं, दुकानं एकामागोमाग दिसेनाशी होतील. दिवाळीच्या दिवशीसुद्धा रजा न घेता ती चालू ठेवावी लागते. तेव्हा, भाचेबुवा, ती 'एक ओळ' नाही.

पूर्वी खरंच फुकट होतं, हे मात्र मान्य. सुरुवातीला तर सगळ्या जगाच्या नावांची मिळून एकच यादी होती. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचं कार्यालय ती सांभाळत असे. नवीन नाव घालायचं तर कचेरीच्या वेळात फोन करायचा. (हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेच्या हेडक्लार्कची आठवण झाली.) यादी वाढली, फोन आवरेनात, तेव्हा १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी आजची पद्धत आखली. वही एकाच ठिकाणी न ठेवता वाटून द्यायची. आमची कल्याण महानगरपालिका त्याच १९८३ ची, आणि नोंदवह्या वाटून देण्यात तिला अजून तितकं यश आलेलं नाही, पण तो विषय वेगळा.

मार्च १९८५ मध्ये पहिलं डॉट कॉम नाव नोंदलं गेलं. त्यानंतर दहा वर्षं नोंदणी करणाऱ्याला पैसे पडत नव्हते. पण म्हणून खर्च नव्हता का? तो अमेरिकेचा करदाता भरत होता. १९९३ पासून त्यांच्या नॅशनल सायन्स फाउंडेशनने नेटवर्क सोल्यूशन्स नावाच्या कंपनीला ठेका देऊन हे काम चालवलं होतं. आणि फुकट म्हटल्यावर जे व्हायचं ते झालंच. १९९४ मध्ये एका अमेरिकन पत्रकाराने मॅकडोनाल्ड्सचं नाव स्वतःच्या नावावर नोंदवून ठेवलं, कोणी अडवतं का ते पाहायला. कोणी अडवलं नाही. शेवटी कंपनीने ब्रुकलिनमधल्या एका शाळेला इंटरनेटसाठी साडेतीन हजार डॉलर दिले आणि नाव सोडवून घेतलं. शाळेचं भलं झालं म्हणून मला तो पत्रकार आवडतो, पण सगळे असे शाळांना पैसे देणारे नसतात. प्रॉक्टर अँड गॅम्बलने १९९५ मध्ये पुटकुळ्या, जुलाब असल्या शब्दांची नावं थोक भावात आपल्या खिशात घातली. भाव थोकही नव्हता म्हणा. भाव नव्हताच.

१४ सप्टेंबर १९९५ पासून फी लागू झाली. दोन वर्षांचे १०० डॉलर. आपल्याकडे विदेश संचार निगमने सामान्य लोकांसाठी इंटरनेट सुरू केलं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे आपण जत्रेच्या दारात पाऊल ठेवलं आणि महिन्याभरात तिकीट लागलं! त्या काळी ५० डॉलर वर्षाला ही रक्कम इथल्या शिक्षकाला काय वाटली असती ते सांगायला नको.

आता कट्ट्यावरच्या साहेबांच्या 'सगळ्यांना फुकट द्या'कडे येते. हा प्रयोग झालेला आहे. न्यूझीलंडच्या ताब्यात टोकेलाऊ नावाची तीन छोटी प्रवाळ बेटं आहेत, लोकवस्ती दीड हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या दोन मोठ्या सोसायट्या. त्यांच्या वाट्याला आलेलं डॉट टीके हे आडनाव फ्रीनॉम नावाच्या कंपनीने जगाला फुकट वाटायला काढलं. एक वेळ अशी आली की देशांच्या आडनावांत ते जगातल्या सगळ्यात मोठ्यांपैकी एक झालं. दोन कोटींच्या वर नावं. मोठे देश मागे पडले. आणि ही नावं घेतली कोणी? गरीब विद्यार्थ्यांनीही घेतली असतील, पण बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल करून पासवर्ड पळवणाऱ्या टोळ्यांना हे आयतं कुरण मिळालं. एक नाव पकडलं गेलं की दुसरं घ्यायचं, खर्च शून्य. फेसबुकच्या मेटा कंपनीने फ्रीनॉमवर दावा लावला, २०२३ मध्ये नवी नोंदणी थांबली आणि २०२४ च्या फेब्रुवारीत कंपनीने हा धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. बदनाम झालं ते मात्र त्या बेटांचं नाव.

दुसरं उदाहरण मला याहून आवडतं, कारण त्यात गणित आहे. नावांचा कारभार पाहणारी आयकॅन ही संस्था १९९८ ची. त्यांच्या नियमात एक सवलत होती, की नाव घेतल्यापासून पाच दिवसांत परत केलं तर पैसे परत. चुकीचं स्पेलिंग झालं तर बिचाऱ्याचं नुकसान नको, हा चांगला हेतू. झालं काय, काही हुशार लोक रोज लाखो नावं उचलू लागले. पाच दिवस त्यांच्यावर जाहिराती लावायच्या, ज्यावर पैसे येतील ती ठेवायची, बाकीची परत. साडीच्या दुकानातून दहा साड्या घरी नेऊन, नेसून, लग्नाला जाऊन येऊन परत करणाऱ्या बायका असतात ना, तसं. २००८ मध्ये आयकॅनने मर्यादेपलीकडे परत केलेल्या प्रत्येक नावावर २० सेंट घ्यायला सुरुवात केली, तेव्हाचे आठ-नऊ रुपये, आणि पुढच्या वर्षी दंड आणखी वाढवला. हा प्रकार ९९.७ टक्क्यांनी कमी झाला. आठ-नऊ रुपयांपासून सुरुवात करून! कुंपण उंच असायला लागतं असं नाही. असायला मात्र लागतं.

इथे कोणी म्हणेल, माझा पत्ता तर फुकट आहे. आहे. कारण तो दुसऱ्याच्या अंगणातला आहे. शेवटचं नाव मालकाचं, पुढे आपलं छोटंसं. आपण पोटभाडेकरू. याहूच्या जिओसिटीजवर लोकांनी अशीच घरं बांधली होती, ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी चाळ पाडली. दुसऱ्या खोल्या मिळाल्या नाहीत.

एवढं वाचून कंपनीवाले खूष होऊन म्हणतील, बघा, बाई आमच्या बाजूच्या आहेत. थांबा.

कुंपण हवं, ते किती उंच हवं हा माझा प्रश्न आहे. डॉट कॉमची वही व्हेरिसाइन या एकाच कंपनीकडे आहे. तिने २००० साली नेटवर्क सोल्यूशन्स विकत घेतली तेव्हापासून. आपण ज्यांच्याकडून नाव घेतो ते किरकोळ दुकानदार, शेकड्यांनी आहेत, त्यांच्यात चढाओढ आहे. पण सगळ्यांचा घाऊक व्यापारी एकच. २००० मध्ये त्याचा घाऊक दर वर्षाला ६ डॉलर होता. २०१२ मध्ये अमेरिकन सरकारने तो ७ डॉलर ८५ सेंटवर गोठवला. २०१८ मध्ये सरकारने गाठ सैल केली आणि दर सहा वर्षांतल्या चार वर्षांत ७ टक्क्यांपर्यंत वाढीची मुभा दिली. कंपनीने ती मुभा २०२१ ते २०२४ चारही वर्षं पुरेपूर वापरली, आणि सप्टेंबर २०२४ मध्ये दर १० डॉलर २६ सेंट झाला. म्हणजे साधारण नऊशे रुपये, त्यावर दुकानदाराचा वाटा, त्यावर १८ टक्के जीएसटी. या चोवीस वर्षांत कॉम्प्युटर स्वस्त झाले, तारा स्वस्त झाल्या, साठवण तर मातीमोल झाली. महाग झाली ती वहीतली ओळ.

कंपनी म्हणते, आमची वही पंचवीसहून जास्त वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही. खरं आहे आणि कौतुकाचं आहे. पण २०२४ मध्ये तिचं उत्पन्न सुमारे १५६ कोटी डॉलर होतं आणि कामकाजाचा खर्च वजा जाता उरले सुमारे १०६ कोटी. शंभर रुपये आले तर अडुसष्ट उरले. असा हिशेब शाळेच्या कॅन्टीनवाल्याने दाखवला असता तर पालकसभेत काय झालं असतं, सांगा.

आणि माझं म्हणणं हवेतलं नाही. २००५ मध्ये याच कंपनीकडच्या डॉट नेट या दुसऱ्या वहीचा ठेका खुल्या स्पर्धेला काढला गेला. कंपनी तीच, यंत्रं तीच, माणसं तीच. ठेका हातचा जाईल म्हटल्यावर तिने स्वतःचा दर ६ डॉलरवरून साडेतीनवर आणला आणि ठेका राखला. डॉट कॉमच्या बाबतीत अशी स्पर्धा होतच नाही. मुदत संपली की त्याच कंपनीशी पुन्हा करार, मोठं काही चुकलं नाही तर. डिसेंबर २०२४ पासून नव्या सहा वर्षांचा सुरू झाला. याचं समर्थन करताना म्हणतात, महाग वाटत असेल तर दुसरं आडनाव घ्या. आता ज्याने वीस वर्षं एक नाव पावतीपुस्तकावर, पाटीवर, लग्नपत्रिकेवर छापलं, तो ते बदलणार कसा? दहावीच्या फेब्रुवारीत मुलाची शाळा बदला म्हणण्यासारखं आहे. गिऱ्हाईक जाऊ शकत नाही हे माहीत असलेल्याने लावलेल्या दराला मी बाजारभाव म्हणणार नाही.

आपल्याकडचा अनुभव बघा. डॉट इन हे आडनाव १९८९ मध्ये भारताला मिळालं. सुरुवातीला ते मुंबईत जुहूला असलेल्या नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होतं. नियम इतके सोवळे, की २००४ पर्यंत सगळ्या देशात मिळून सात हजारांच्या आसपास नावं होती. जानेवारी २००५ मध्ये निक्सी या संस्थेने दार उघडलं आणि आकडा लाखांत गेला. वहीचं तांत्रिक काम ठेक्याने दिलं जातं. पहिल्या कंपनीला प्रत्येक नावामागे वर्षाला १ डॉलर १० सेंट मिळत. २०१८ मध्ये निविदा काढली तेव्हा दुसऱ्या कंपनीने ७० सेंट दर भरला. सत्तर सेंट! म्हणजे वहीतली ओळ वर्षभर जपायचा खर्च, नफा धरूनसुद्धा, पन्नास-साठ रुपयांच्या घरात बसवता येतो. डिजिटल सहीचा सातबारा उतारा पंधरा रुपयांना मिळतो, तोही कोणी तरी जपतच असतं. माझा भाचा म्हणतो तसं हे शून्य नाही आणि अमेरिकेतली कंपनी म्हणते तसं हजारही नाही.

निक्सीने २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीत डॉट भारत आणलं, मराठीसकट. मराठी नाव मराठी अक्षरांत. मला वाटलं होतं आता मराठी संस्था धावत जातील. तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत डॉट भारत?

शिवाय कुंपणाचा उपयोग कुठे होतो तेही इथेच दिसतं. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये सगळ्या बँकांना डॉट बँक डॉट इन या आडनावावर जायला सांगितलं, ऑक्टोबरअखेरची मुदत देऊन. ते नाव हैदराबादची आयडीआरबीटी ही संस्थाच देते आणि बँक असल्याची खात्री करूनच देते. ठाणे, कल्याण, डोंबिवलीतल्या ज्या सहकारी बँकांत आमच्या वयाच्या माणसांच्या आयुष्यभराच्या ठेवी आहेत, त्यांनाही हा नियम आहे. खोट्या पानावर पासवर्ड देऊन बसलेल्या माणसाला विचारा, नावावर पहारा हवा का फुकट वाटप.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ते सांगते. कल्याणचं सार्वजनिक वाचनालय १८६४ चं. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. या नावांचं कोणी कधी नूतनीकरण मागितलं नाही. पाटी लावली, लोक येत गेले, नाव रुजलं. आपल्या संस्था चालवणाऱ्यांच्या डोक्यात नावाची हीच कल्पना आहे, की एकदा ठेवलं म्हणजे आपलं.

आमच्या भागातल्या एका लहान संस्थेचं (नाव लिहीत नाही, कार्यकर्ते प्रामाणिक आहेत) संकेतस्थळ एका सभासदाच्या मुलाने हौसेने करून दिलं होतं. नाव त्याच्याच वैयक्तिक ईमेलवर नोंदवलेलं. कार्यवृत्तात छापलं, "संस्थेने स्वतःचे डोमेन विकत घेतले." टाळ्या झाल्या. मुलगा परदेशी गेला, जुना ईमेल बंद पडला. मुदत संपत असल्याच्या सूचना त्या बंद पेटीत पडत राहिल्या. डॉट कॉमचं नाव मुदत संपल्याबरोबर जात नाही, दुकानदाराकडे काही दिवस, मग जास्त पैसे भरून सोडवायला ३० दिवस, मग शेवटचे ५ दिवस असं करत जातं. पण संस्थेत कोणाला पत्ताच नव्हता. पाचवा दिवस सरला की अशा नावांवर टपून बसलेल्यांचे कॉम्प्युटर सेकंदात झडप घालतात. पुढच्या वर्षी एका आजीबाईंनी नातवाला दिवाळी अंकांची यादी बघायला ते पान उघडायला सांगितलं, तर पत्त्यांचा जुगार. नवीन धन्याने परत द्यायला जे मागितलं ते संस्थेच्या दोन वर्षांच्या वर्गणीहून जास्त होतं. पावतीपुस्तकांवर अजून तोच पत्ता आहे. पुस्तकं संपेपर्यंत शाईने खोडून वापरतात.

लोक म्हणाले, लुटारू आहेत हो हे इंटरनेटवाले. माझं म्हणणं, दोष त्या 'विकत घेतले' या शब्दाचा. दुकानदार 'खरेदी करा' असं लिहितात, मोठ्या अक्षरांत ९९ रुपये लिहितात, आणि पुढच्या वर्षी बारा-तेरापट होणार हे मुंगीच्या अक्षरांत. पण जे घेतो ते नाव नसतं, पास असतो. डोंबिवली ते ठाणे मी तीस वर्षं लेडीज डब्यातून गेले, तिमाही पास काढून. खिडकीची जागा कितीही वर्षं माझी असली तरी डबा माझा झाला नाही. पासाची तारीख कुठल्या बाईला पाठ नसे? पर्सच्या आत प्लॅस्टिकच्या खिशात समोर दिसेल असा ठेवलेला असे. पास फुकट द्या अशी मागणी कोणी करत नव्हतं. भाडं वाढवलं की मात्र भांडायचो.

तसंच इथे भांडायला हवं. निक्सीकडे माझी मागणी आहे, की नोंदणीकृत सार्वजनिक वाचनालयं, अनुदानित शाळा, जुनी मंडळं यांना डॉट इन आणि डॉट भारत खर्चाच्या भावात, एकदम दहा वर्षांसाठी द्यावं. फुकट नको, फुकटाचं काय होतं ते टोकेलाऊने दाखवलं. आणि किरकोळ दुकानदारांना पहिल्याच बिलावर दुसऱ्या वर्षाचा दर त्याच आकाराच्या अक्षरांत छापायला लावावं. डॉट कॉमचा ठेका खुल्या स्पर्धेला काढा असं डोंबिवलीतून ओरडून कोणाला ऐकू जाणार नाही, हे मला कळतं. पण नवीन नाव कुठलं घ्यायचं हे तर आपल्या हातात आहे ना? सवयीने डॉट कॉम मागणाऱ्यांनीच त्या कंपनीला हे बळ दिलेलं आहे.

मी ज्या वाचनालयाच्या समितीवर आहे त्याच्या येत्या वार्षिक सभेत मी ठराव मांडते आहे. डॉट इन आणि डॉट भारत, दोन्ही नावं, दहा वर्षांसाठी. नोंदणी संस्थेच्या नावावर. ईमेल संस्थेचा, आणि त्याचा पासवर्ड अध्यक्ष, चिटणीस आणि कोषाध्यक्ष तिघांकडे बंद पाकिटात. मुदतीची तारीख नोटीस बोर्डावर, इमारतीच्या विम्याच्या तारखेशेजारी. भाच्याने विरोधात बोलायला यावं, चहा आहे. कोषाध्यक्षांनी एकच शंका काढली आहे, हा खर्च जमाखर्चात 'छपाई व लेखनसामग्री'त दाखवायचा की 'स्थावर मालमत्ते'त. मी त्यांना 'भाडे' या खात्यात घालायला सांगितलं आहे.